क्लचचं काम झाल्यावर गाडीखाली ऑइलचा डाग पडतोय, गिअरबॉक्स परत उतरवायचा का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. नाशिकला पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या एका भाऊंची पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१५ ची, ७८ हजार किलोमीटर झालेली, क्लच केबलवाला. दहा दिवसांपूर्वी क्लच ओव्हरहॉल केला, प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवीन. गाडी चालायला एकदम मस्त, पेडल हलकं झालं. पण तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तळहाताएवढा डाग दिसला, मग ते मुंबईला जाऊन आले आणि आल्यावर डाग अजून मोठा. ज्या मिस्त्रीने काम केलं तो म्हणतो काही नाही साहेब, काम करताना सांडलेलं ऑइल आहे, जाईल आपोआप. दुसऱ्या गॅरेजवाल्याने खालून टॉर्च मारून एका मिनिटात सांगितलं, क्रँकचं सील (इंजिनचा मुख्य दांडा बाहेर येतो तिथली ऑइल अडवणारी रबरी रिंग) गेलंय, गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल, नऊ हजार. सोसायटीचे सेक्रेटरी नवीन पेव्हर ब्लॉक खराब झाले म्हणून जिन्यात अडवतात ते वेगळंच. आता भाऊ विचारतायत की दोघांपैकी खरं कोण बोलतंय.

भाऊ, खरं सांगू का, आत्ता तरी दोघांपैकी कोणालाच माहीत नाही. दोघांचं म्हणणं बरोबर असू शकतं आणि दोघांचंही चूक असू शकतं, कारण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कुठेच आली नाही, की गळतंय ते नक्की काय आहे. ऑइल ऑइल सगळेच म्हणतायत, पण इंजिन ऑइल का गिअर ऑइल हे कोणी बोटावर घेऊन बघितलेलं दिसत नाही. आणि तुमच्या केसमध्ये सगळा निकाल तिथेच लागणार आहे. नऊ हजार द्यायचे का नव्वद रुपयांच्या वायसरवर भागेल हे त्या एका थेंबावरून कळेल, म्हणून घाई करू नका.

मी सातपूरला एमआयडीसीत गेली बरीच वर्षं गॅरेज चालवतो, त्याआधी नाशिकमधल्याच द्वारकाजवळ एका उस्तादांकडे हेल्पर होतो. ते गाडी आली की बोनेट उघडायच्या आधी खालचा थेंब बोटावर घ्यायचे, अंगठ्यावर चोळायचे, हुंगायचे, आणि मग बोलायचे. आम्हाला तेव्हा हसू यायचं. आता मी तेच करतो.

तर आधी ओळख. गिअर ऑइलला एक उग्र वास असतो, त्यात गंधकाची संयुगं असतात त्यामुळे, जुन्या काडेपेटीच्या आणि कुजक्या लसणाच्या मधला काहीतरी, एकदा नाकात गेला की आयुष्यभर विसरत नाही, शर्टाला लागला तर बायकोसुद्धा विसरत नाही. इंजिन ऑइलला तसा वास नसतो, चाललेलं असेल तर थोडं जळकट. तुमच्या बाबतीत अजून एक सोय आहे. क्लचच्या कामात गिअरबॉक्स उतरवला म्हणजे गिअर ऑइल काढून नवीन टाकलं असणार (टाकलंय का ते बिलात बघा, काही जण जुनंच गाळून परत टाकतात, ते एक वेगळं दुखणं आहे). म्हणजे गिअर ऑइल असेल तर ते आत्ता मधासारखं स्वच्छ असेल. इंजिन ऑइल मात्र तुमच्या सांगण्याप्रमाणे सहा हजार किलोमीटर चाललंय, ते काळपट तपकिरी झालेलं असणार. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टिपा, उजेडात बघा, वास घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) बाहेर काढून तिचा थेंब त्याच टिश्यूवर शेजारी लावलात तर तुलना करायला अजून सोपं.

एक मात्र सांभाळा, जमिनीवरचा डाग बघून रंग ठरवू नका. पेव्हर ब्लॉकवर पडलेलं कुठलंही ऑइल धूळ खाऊन काळंच दिसतं. थेंब गाडीवरनं लटकत असताना टिपायचा, किंवा रात्री खाली पांढरा कागद ठेवायचा.

बाकीच्या पातळ पदार्थांचंही सांगून ठेवतो म्हणजे वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल. स्वच्छ पाणी आणि डाव्या सीटच्या पुढच्या बाजूला पडतंय, एसी चालवून आल्यावर, तर ते एसीचं पाणी, त्याच्यासाठी उन्हाळ्यात दर आठवड्याला एक तरी गाडी माझ्याकडे येते. हिरवं, गुलाबी किंवा निळं, चिकट, गोडसर वास म्हणजे कूलंट. लाल, अगदी मिसळीच्या तर्रीसारखं, म्हणजे बहुतेक ऑटोमॅटिक गिअरचं किंवा जुन्या पद्धतीच्या पॉवर स्टिअरिंगचं ऑइल. आणि फिकट पिवळं, बोटाला बुळबुळीत पण तेलकटपणा कमी, हे ब्रेक ऑइल असू शकतं. शंका असेल तर वाटीभर पाण्यात थेंब टाका, इंजिन किंवा गिअर ऑइल वर तरंगतं, ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. ब्रेक ऑइल निघालं किंवा पेट्रोल डिझेलचा वास आला तर पुढचं काही वाचत बसू नका, गाडी जागेवर ठेवा आणि मिस्त्रीला घरी बोलवा. तुमचा क्लच केबलवाला आहे म्हणून तिकडची एक शंका कमी झाली. ज्यांचा क्लच हायड्रॉलिक आहे त्यांच्या गाडीत क्लचचा खालचा सिलिंडर पण गळू शकतो, आणि काही गाड्यांत तो बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागाच्या) आतच बसवलेला असतो, तेव्हा ब्रेक ऑइलची बाटली कमी होतेय का हे त्यांनी आधी बघावं.

आता पहिल्या मिस्त्रीच्या म्हणण्याकडे येऊ, की सांडलेलं ऑइल आहे. लोक हे ऐकून चिडतात पण हे पुष्कळदा खरं असतं. गिअरबॉक्स उतरवताना दोन्ही एक्सल (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे दांडे) बाहेर ओढावे लागतात, ते निघाले की आत राहिलेलं ऑइल भसकन खाली येतं, सबफ्रेमवर (इंजिनखालच्या लोखंडी चौकटीवर) सांडतं, त्याच्या पोकळीत जाऊन बसतं, खालच्या प्लास्टिक कव्हरच्या कोपऱ्यात साठतं. चांगला मिस्त्री पुसतो पण फ्रेमच्या आतलं कोण पुसणार. मग ते तीन चार दिवस ठिबकत राहतं. त्यामुळे कामानंतर पहिल्या दोन तीन दिवसांत डाग दिसला म्हणून मी कोणाला घाबरवत नाही.

पण तुमचं गणित वेगळं आहे. दहा दिवस झाले, मुंबईला जाऊन आलात म्हणजे सव्वातीनशे साडेतीनशे किलोमीटर हायवेला धावली, कसारा घाट उतरून परत चढली. एवढ्या गरमीत आणि वाऱ्यात सांडलेलं ऑइल एकतर उडून गेलं असतं किंवा वाळून धूळ धरून बसलं असतं. सांडलेल्या ऑइलचा डाग दिवसेंदिवस लहान होत जातो. तुमचा मोठा होतोय. म्हणून मला वाटतं की हे बहुतेक चालू लिकेज आहे. बहुतेक म्हणतोय कारण खालच्या कव्हरला आतून फेल्ट सारखं अस्तर असेल तर ते स्पंजासारखं ऑइल धरून ठेवतं आणि पंधरा दिवस पण त्रास देतं, अशी एक गाडी मी स्वतः पाहिलीय, सगळं कोरडं आणि कव्हर पिळलं तर वाटीभर ऑइल. घाटाने अजून एक होतं, गिअरबॉक्स चांगला तापला की ऑइल पातळ होतं आणि जिथे नुसता ओलावा होता तिथे थेंब धरायला लागतो. त्यामुळे मुंबईहून आल्यावरच डाग वाढला यात नवल नाही, लिकेज तिसऱ्या दिवसापासूनच असेल.

आता दुसऱ्या गॅरेजवाल्याचं क्रँक सील. त्याने एका मिनिटात का सांगितलं ते मला माहीत आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात तिथे खाली बेल हाउसिंगला बऱ्याच गाड्यांत एक भोक किंवा फट असते, तिथून थेंब लटकताना दिसला की ठरलेलं वाक्य येतं, क्रँक सील. पण त्या एका भोकातून येणारे गिऱ्हाईक बरेच असतात. इंजिनचं मागचं क्रँक सील गेलं तर तिथून इंजिन ऑइल येतं, बरोबर. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) सील गेलं तर त्याच भोकातून गिअर ऑइल येतं. आणि वरून, म्हणजे टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून इंजिन ऑइल निघालं तर ते इंजिनच्या मागच्या बाजूने ओघळत ओघळत बेल हाउसिंगच्या जोडावर येतं, जोडाच्या कडेकडेने फिरतं आणि बरोब्बर त्याच भोकाशी येऊन लटकतं. खालून टॉर्च मारणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात.

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून सांगतो. नवीन नवीन गॅरेज टाकलं होतं तेव्हा एका गिऱ्हाइकाची गाडी, खाली भोकाला काळा थेंब, मी छातीठोकपणे क्रँक सील सांगितलं, गिअरबॉक्स उतरवला, दिवसभर दोन माणसं लागली. सील बघतो तर कोरडं ठणठणीत. तरी उघडलंच आहे म्हणून बदललं, सगळं चढवलं, आणि दुसऱ्या दिवशी परत थेंब. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पॅकिंग कडक होऊन तडकलं होतं, तिथे हात पण धड जात नाही, आरसा धरला तेव्हा दिसलं. गिऱ्हाइकाला मजुरी परत केली. तेव्हापासून माझ्याकडे एक छोटा दांडीवाला आरसा कायम खिशात असतो, आता मोबाइल आहे तर ते पण सोपं झालंय, फ्लॅश चालू करून व्हिडिओ घ्यायचा, डोकं घालायची गरज नाही.

हे सांगायचं कारण असं, की ऑइल कुठे ठिबकतंय याला फार अर्थ नसतो. ते खाली येतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं, आणि सगळ्यात खालचा जो नट किंवा कोपरा असेल तिथे लटकतं. शोधायची असते ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा. आणि सगळंच ओलं असेल तर ती दिसत नाही. म्हणून आधी धुवायचं.

हे काम तुम्ही स्वतः पण करून घेऊ शकता, फक्त गाडी रॅम्पवर घ्या. घरच्या जॅकवर गाडी उचलून खाली कोणी घुसू नका, खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय तर नाहीच, याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. वॉशिंग सेंटरला जाऊन सांगा की खालचं कव्हर काढून फक्त गिअरबॉक्स, चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) आणि एक्सलची बाजू डिग्रीझरने ब्रश मारून धुवायची आहे. इंजिन गार असताना. वरून प्रेशरने पाणी मारू देऊ नका, ते पोरं हौसेने अल्टरनेटरवर आणि वायरिंगच्या कप्लरवर पाइप धरतात आणि मग लिकेज राहिलं बाजूला, गाडी मिसिंग करायला, म्हणजे झटके द्यायला लागते. धुऊन झालं की हवा मारून कोरडं करा, चिंधीने पुसा, जोडांच्या फटी पण. मग टाल्कम पावडर, हो, आपली घरातलीच, ब्रशने किंवा हाताने गिअरबॉक्सच्या जोडावर, दोन्ही एक्सल जिथे आत जातात तिथे, ड्रेन नटाभोवती आणि टॅपेट कव्हरच्या खालच्या कडेला हलकी भुरभुरवा. बेल्टकडे जाऊ देऊ नका. कव्हर न लावता दहा पंधरा किलोमीटर चालवा, म्हणजे पाथर्डी फाट्यावरून विल्होळीच्या पुढे जाऊन परत या, थोडी हायवे थोडी शहरात. परत रॅम्पवर घ्या. पावडरवर ओली रेघ जिथून सुरू होते तिथे तुमचा चोर. लिकेज अगदी बारीक असेल तर एका ट्रायलमध्ये काही दिसणार नाही, मग दोन दिवस चालवून बघा, वैतागू नका. काही गॅरेजवाल्यांकडे ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग आणि निळ्या उजेडाची टॉर्च असते, ते असेल तर उत्तमच, पण पावडरने माझी बहुतेक कामं होतात.

आता समजा टिश्यूवर मधासारखं आणि वासाचं निघालं, म्हणजे गिअर ऑइल. माझा तुमच्या बाबतीत पहिला संशय इकडेच आहे, आणि तो पण एक्सलच्या ऑइल सीलवर. कारण सांगतो. एक्सल परत बसवताना त्याच्या टोकाला जे दातेरी स्प्लाइन असतात ते सीलच्या रबरी ओठातून आत जातात. एकाने एक्सल नीट उचलून धरला आणि दुसऱ्याने सरळ आत ढकलला तर काही होत नाही. पण एकटा माणूस असेल, हात दुखत असेल, एक्सल लटकत तिरका आत गेला, तर दाते ओठाला कापतात. बारीकसा काप, डोळ्याला दिसत पण नाही, पण गाडी गरम झाली की तिथून पाझरायला लागतं. किंवा नवीन सील हातोडीने ठोकताना तिरकं बसलं तर आतली बारीक स्प्रिंग जागेवरून निघते, मग सील नवीन असून उपयोग नाही. तिसरं, जुन्या सीलने एक्सलवर बारीक खाच पाडलेली असते, नवीन सीलचा ओठ बरोबर त्याच खाचेत बसतो आणि गळतो, तिथे जागा असेल तर सील एक दोन मिलिमीटर कमी जास्त खोल बसवायचं असतं, हे नवीन पोरांना कोणी शिकवत नाही. खूण अशी की एक्सल गिअरबॉक्समध्ये जातो त्या गोलाच्या खालच्या बाजूने ओघळ असतो आणि एक्सल फिरल्यामुळे आजूबाजूला गोल शिंतोडे उडालेले दिसतात. शिंतोडे घट्ट काळ्या ग्रीसचे असतील तर मात्र सीव्ही जॉइंटचा (एक्सलच्या टोकाच्या सांध्याचा) रबरी बूट फाटलाय किंवा त्याची पट्टी सुटलीय, ते ठिबकत नाही, चिकटून बसतं.

मग ड्रेन नट. त्याच्याखाली तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं वायसर असतं, ते एकदा आवळलं की चपटं होऊन बसतं, परत वापरलं की नीट बसत नाही. दर वेळी नवीन टाकायचं असतं, किंमत काहीच नाही, पण गॅरेजमध्ये त्या क्षणी नसतं म्हणून जुनंच फिरवून टाकतात, आणि गळायला लागलं की अजून आवळतात. गिअरबॉक्स अॅल्युमिनियमचा, आटे गेले की मग खरी मजा. म्हणून नटाला ओल दिसली तर स्वतः पाना घेऊन आवळत बसू नका, वायसर बदलून घ्या. गिअरबॉक्सवर रिव्हर्स लाइटचा स्विच असतो त्याच्याखाली पण वायसर असतं, तिथे पण नजर टाका.

आणि एक कारण असं आहे ज्यात काहीच खराब झालेलं नसतं, ऑइल जास्त भरलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या बाजूला लेव्हलचा नट असतो, सपाट जागेवर गाडी उभी करून त्या भोकाच्या कडेपर्यंत ऑइल आलं की थांबायचं. काही जण वरच्या भोकातून दोन लिटरची बाटली आहे तर पूर्ण ओततात, वाया कशाला घालवायची म्हणून. मग गरम झालं की वरच्या ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या भोकातून) बाहेर येतं आणि गिअरबॉक्सच्या डोक्यावरून चारी बाजूंनी ओघळतं, बघणाऱ्याला वाटतं सगळीच सीलं गेली. आणि ब्रीदर मातीने बुजला असेल तर उलटं, आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधून पण ऑइल बाहेर ढकलतं. शेताच्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांत हे मी खूप पाहतो, निफाड दिंडोरीकडून येणाऱ्या गाड्यांचा ब्रीदर मी न सांगता साफ करतो. लेव्हल बघणं पाच मिनिटांचं काम आहे, सील बदलायच्या आधी ते करून घ्या.

इनपुट शाफ्टचं सील असेल, म्हणजे भोकातून गिअर ऑइल येतंय आणि बाहेरून गिअरबॉक्स सगळा कोरडा, तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, पण मग लवकर करा, कारण आतलं ऑइल नव्या क्लच प्लेटवर गेलं की ती सरकायला लागते, चढावर रेस वाढते आणि गाडी ओढत नाही, आणि ऑइल प्यायलेली प्लेट पुसून परत वापरता येत नाही.

आता दुसरी शक्यता, टिश्यूवर काळपट आणि बिनवासाचं निघालं, म्हणजे इंजिन ऑइल. तर आधी वर बघा, टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, मग ऑइल फिल्टर, मग ऑइल प्रेशरचा स्विच. क्लचच्या कामासोबत इंजिन ऑइल बदललं नव्हतं म्हणून तुमच्याकडे फिल्टरचा संशय कमी आहे, पण ज्यांनी सर्व्हिसिंग करून आणलंय आणि दुसऱ्या दिवशी ऑइलचा सडा पडलाय त्यांनी फिल्टर आधी बघावा, जुन्या फिल्टरचा रबरी रिंग इंजिनला चिकटून राहतो आणि त्याच्यावरच नवीन चढतो, दोन रिंग एकावर एक, ते कधी ना कधी भसकन सुटतं आणि मग इंजिन रिकामं व्हायला वेळ लागत नाही. हे सगळं वरचं कोरडं आहे, जोडाच्या वर कुठेही ओल नाही आणि तरी भोकातून इंजिन ऑइल येतंय, तर आणि तरच क्रँक सील. म्हणजे दुसरा गॅरेजवाला बरोबर निघू शकतो, नाही असं नाही, फक्त त्याने तिथपर्यंत पोचायचे जिने न चढताच गच्ची सांगितली.

क्रँक सील निघालं तर चूक कोणाची, यावर लोक माझ्याशी भांडतात. गिअरबॉक्स खाली असताना ते सील समोर दिसतं, पार्ट काही शेकड्यांचा, मजुरी वेगळी लागत नाही कारण सगळं उघडलेलंच आहे. मी साठ सत्तर हजारांच्या पुढच्या गाडीला गिऱ्हाइकाला फोन करून विचारतो आणि बदलून टाकतो. पण असेही जुने चांगले मिस्त्री आहेत जे म्हणतात कोरडं सील आहे तर हात लावू नये, आणि त्यांचंही चूक नाही, कारण घाईत बसवलेल्या नव्या सीलपेक्षा कंपनीचं बसलेलं जुनं सील कधी कधी जास्त टिकतं. तुमच्या मिस्त्रीने ते बदललं होतं का हे बिलात बघा. बदलून गळत असेल तर पूर्ण काम त्याचं, तुम्ही एक रुपया देऊ नका. बदललं नव्हतं आणि तेव्हा कोरडं होतं, तर मी त्याच्या जागी असतो तर पार्टचे पैसे घेतले असते आणि मजुरी निम्मी. तुमचं ते कसं ठरेल हे तुमच्या संबंधांवर आहे.

त्यावरून आठवलं, आधी त्याच मिस्त्रीकडे जा. दुसऱ्या गॅरेजला काहीही खोलू देऊ नका, एकदा दुसऱ्याचा पाना लागला की पहिला म्हणणार मी दिली तेव्हा बरोबर होती आणि दुसरा म्हणणार आधीच्याने बिघडवली, आणि मधे तुम्ही. जाताना भांडायला गेल्यासारखं जाऊ नका. तुम्ही गळती ठेवली असं म्हटलं की माणूस बचावावर जातो. टिश्यू दाखवा, रात्री गाडीखाली पसरलेला पुठ्ठा दाखवा, म्हणा की दादा, हे गिअर ऑइल वाटतंय, डाव्या एक्सलखाली पडतंय, एकदा रॅम्पवर घेऊन बघू या. समोरच्याला कळतं की हा बघून आलाय. माझा अनुभव असा आहे की असं आलेल्या गिऱ्हाइकाचं काम मिस्त्री मुकाट्याने फुकट करून देतो, कारण एक्सलचं सील हे गिअरबॉक्स उतरवायचं काम नाही, चाक काढून, खालचा जॉइंट सोडून, एक्सल ओढला की सील हाताशी येतं, दोन तासांत होतं, ऑइल मात्र परत भरावं लागतं. सील मात्र त्याच मापाचं चांगल्या कंपनीचं घ्यायला सांगा, मापं सीलवरच कोरलेली असतात, बाजारात त्याच मापाची हलक्या रबराची पण मिळतात आणि ती दोन उन्हाळे काढत नाहीत.

गाडी तोपर्यंत चालवायची का? हे थेंबांवर आहे. मोजा. रात्रीत किती थेंब पुठ्ठ्यावर पडतात ते. अंदाजे २० ते २५ थेंबांचा एक मिली धरला तर रात्रीचे १५ थेंब म्हणजे मिलीपेक्षा कमी, महिन्याला १८-२३ मिली. डाग भयंकर दिसतो कारण ऑइल पसरतं, एका थेंबाचा रुपयापेक्षा मोठा डाग होतो. पण हा हिशोब उभ्या गाडीचा आहे, चालताना गरम ऑइल जास्त जातं आणि ते रस्त्यावर पडतं, तुम्हाला दिसत नाही. इंजिन ऑइलचं एक बरं असतं, डिपस्टिक आहे, दोन दिवसांनी सकाळी बघत राहायचं आणि खालच्या खुणेजवळ यायच्या आत टॉप अप करायचं. गिअर ऑइलला बहुतेक मॅन्युअल गाड्यांत ना डिपस्टिक ना डॅशबोर्डवर दिवा, आत सगळं मिळून साधारण दोन लिटर. ते संपत आलं तरी गाडी काही बोलत नाही, आणि बोलते तेव्हा आवाजाने बोलते, मग बेअरिंग आणि गिअर दोन्ही गेलेले असतात. म्हणून तुमचं गिअर ऑइल निघालं तर आधी लेव्हल बघून घ्या, मग गावातल्या गावात चार दिवस चालवायला हरकत नाही, पण परत कसारा उतरू नका आणि गडावर वगैरे पण नको.

आणि मिस्त्रीवर राग धरण्याआधी एवढं लक्षात असू द्या, की जुन्या गाडीत एक काम केलं की दुसरीकडून पाझर सुरू होणं हे दर वेळी हलगर्जीपणाच असतो असं नाही. वर्षानुवर्षं धूळ आणि ऑइलचा जो थर सीलभोवती बसलेला असतो तोच बूच होऊन बसलेला असतो, काम करताना धुतला की खरं लिकेज उघडं पडतं. ७८ हजार आणि दहा वर्षांचं रबर आहे, ते कडक झालेलंच असणार, थंडीत सकाळी अजून कडक होतं आणि तेव्हा जास्त गळतं.

तर आज रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा, फ्रिजच्या खोक्याचा मिळाला तर उत्तम, पेव्हर ब्लॉक पण वाचतील आणि सेक्रेटरी पण गप बसतील. पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा आणि ड्रायव्हरची बाजू त्यावर मार्करने लिहा, नाहीतर सकाळी कुठला थेंब कुठला हे कळणार नाही, पार्किंगला उतार असेल तर तो कुठल्या बाजूला हे पण लिहा. सकाळी पुठ्ठ्याचा वरून फोटो, टिश्यूवरच्या दोन थेंबांचा फोटो आणि बिलाचा फोटो (गाडी नंबर आणि फोन नंबर झाकून) एवढं टाका. तोपर्यंत नऊ हजारवाल्याला हो म्हणू नका.